देवदर्शन झालं, आता गाव बघू

कोल्हापूरला माणसं कशासाठी जातात? कोणी अंबाबाईच्या दर्शनाला जातं. कोणी जोतिबाच्या वाटेवर उतरतं. कोणी गूळ घेऊन येतं, कोणी कोर्टाच्या तारखेला येतं, तर कोणी घरच्या आजारी माणसाला घेऊन सीपीआर दवाखान्यात येतं. काम आटोपलं की स्टँडवर बसायचं आणि मिळेल त्या गाडीनं घर गाठायचं. गाव बघायचं राहूनच जातं.

सीपीआर दवाखान्यासमोर टाउन हॉलची बाग आहे. झाडांची गार सावली आहे. रोग्यांचे नातेवाईक तिथं घटकाभर टेकतात, भाकरीचं फडकं सोडतात. या बागेत टोकदार छपरांची एक दगडी इमारत आहे. दीडशे वर्षांपूर्वी बांधलेली. ती बघितली की वाटतं, ही कचेरी असणार. आत गेलो तर कोणी हटकेल. म्हणून पुष्कळजण पायरी चढतच नाहीत.

ती कचेरी नाही. ते सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. दारावर पाटी आहे आणि ती पाटी आता तुम्हाला वाचता येते. थोडक्या पैशांचं तिकीट काढायचं आणि आत जायचं. तुम्ही किती बुकं शिकलात, हे कोणी विचारत नाही. एवढंच बघा, की सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

हे संग्रहालय निघालं कसं? पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथं १९४५-४६ साली खोदकाम झालं. मातीखालून जुनी घरं, भांडी, नाणी निघाली. ब्रह्मपुरीला समुद्रदेवाची एक छोटी धातूची मूर्तीही सापडली. हा देव आपल्याकडचा नव्हे, ग्रीक लोकांचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या राज्याशी आपला व्यापार चालत होता. गलबतांतून माल बंदरात यायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. समुद्रापासून इतक्या लांब, पंचगंगेच्या काठी समुद्राचा देव कसा आला, त्याचं उत्तर हे असं आहे.

आता चित्रांकडे वळू. कोल्हापूरला जुने लोक कलापूर म्हणतात. ते उगीच नाही. आबालाल रहिमान या नावाचे एक थोर चित्रकार इथं होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार नेमलं. पण त्यांचा जीव दरबारात रमणारा नव्हता. कोटीतीर्थाच्या तळ्याकाठी ते फकिरासारखे राहायचे. तळं, नदी, रंकाळा, सकाळचं धुकं, हेच त्यांचे विषय. १९२२ साली शाहू महाराज वारले. त्या दुःखात आबालालनी आपली पुष्कळशी चित्रं कोटीतीर्थात बुडवून टाकली, असं सांगतात. ते स्वतः १९३१ साली वारले. जी चित्रं उरली, ती म्हणूनच जपायची.

चित्र कसं बघायचं, असं कोणी विचारतं. त्यात अवघड काही नाही. आधी चार पावलं मागं उभं राहा. पाणी पाण्यासारखं दिसतं का, ऊन कोणत्या बाजूनं आलंय, ते बघा. मग जवळ जा. जवळून नुसते रंगाचे ठिपके आणि फराटे दिसतील. पुन्हा मागं या, की त्याचंच पाणी झालेलं असेल. हात मात्र लावू नये. बोटाच्या घामानं रंग खराब होतो.

इतकं बघून भूक लागतेच. कोल्हापुरात सकाळी मिसळ खावी. मोडाची मटकी, वर फरसाण, कांदा, आणि लाल रस्सा. त्या रश्श्याला इथं कट म्हणतात. पुण्यामुंबईकडे मिसळीबरोबर गोल पाव देतात, इथं कापलेल्या ब्रेडचे तुकडे देतात. पहिल्यांदा खाणाऱ्यानं कट बेतानं घ्यावा. नाकातून पाणी आलं, तर गाववाले हसतात.

या तिखटाचं मूळ आहे चटणीत. कोल्हापूरकर चटणी म्हणतो ती ताटातली ओली चटणी नव्हे, तर वर्षाचा लाल मसाला. उन्हाळ्यात बायका मिरच्या वाळवतात. धने, तीळ, खोबरं आणि गरम मसाले भाजतात. मग कांदा-लसूण घालून सगळं डंकावर कुटून आणतात. घराघरांची चव निराळी. आमच्या मते हीही एक कलाच आहे. तिचं संग्रहालय नाही, एवढंच.

टाउन हॉलकडून थोडं चाललं की दसरा चौक येतो. निरनिराळ्या जातींच्या मुलांना शिकता यावं, म्हणून शाहू महाराजांच्या काळात वसतिगृहं निघाली. त्यांतली काही या चौकाच्या आसपास आहेत. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा महाराजांनी १९१७ साली केला. चौकातल्या शाहू स्मारक भवनात कलादालन आहे. तिथं नव्या चित्रकारांची प्रदर्शनं भरतात. बरेचदा चित्रकार स्वतः तिथं बसलेला असतो. त्याला खुशाल विचारा, हे असं का काढलं म्हणून. तो आनंदानं सांगेल.

कोल्हापूरच्या कलेची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती नुसती दरबारात वाढली नाही, कारागिरांच्या घरांतही वाढली. बाबूराव कृष्णाजी मेस्त्री हे असेच कारागिराच्या घरातले. कलाशाळेत न जाता ते चित्रकार झाले. त्यांचे आत्येभाऊ आनंदराव आणि ते, दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि पेंटर हेच आडनाव झालं. पुढं दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा विकत घ्यायला पैसा नव्हता, तेव्हा तो आपणच बनवायचं त्यांनी ठरवलं. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. कॅमेरा तयार झाला, आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा बोलपट नव्हे, मूकपट लोकांपुढं आला. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कपटानं शेतकऱ्याची जमीन जाते आणि त्याला शहरात गिरणीची वाट धरावी लागते, अशी ती कथा. त्या काळी किती घरांची ही कथा होती, ते तुम्हाला सांगायला नको.

पडदे रंगवायचे ते ज्यांच्यासाठी, त्यांत केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श ही नाटक मंडळी होती. केशवराव कोल्हापूरचेच, मोठे गायक नट. १९२१ साली ऐन एकतिसाव्या वर्षी ते गेले. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर बांधून पुरं केलं होतं. पुढं त्याला केशवरावांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जळक्या भिंतींपुढं नट उभे राहून रडले आणि पडदे ओढणारे, दिवे लावणारे, चहा विकणारेही रडले. ते पुन्हा उभं करण्याचं काम सरकारनं हाती घेतलं.

नाट्यगृहाला लागूनच खासबागेचं कुस्तीचं मैदान आहे, १९१२ सालचं. मधोमध आखाडा आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा, त्यामुळं शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. महाराज १९०२ साली युरोपात गेले होते. तिथं रोमचा आखाडा पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं म्हणतात. नाटक आणि कुस्ती अशी शेजारी शेजारी नांदवणारं गाव आम्ही तरी दुसरं पाहिलेलं नाही. आणि या दोहोंना जोडून आहेत भेळेच्या गाड्या!

दुपारी मटण खाणाऱ्यांनी तांबडा आणि पांढरा रस्सा घ्यावा. दोन्ही निघतात मटण शिजवलेल्या एकाच पाण्यातून. या पाण्याला अळणी म्हणतात. त्यात चटणी पडली की तांबडा. नारळाचं दूध, तीळ, खसखस पडली की पांढरा. तांबड्यानं जीभ पोळली की पांढऱ्याची वाटी तोंडाला लावायची. शाकाहारी माणसानं झुणका-भाकर आणि मिरचीचा ठेचा मागावा. तोही कमी नाही.

वेळ उरला तर राजारामपुरीत नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं घर बघा. त्यांनी ते चित्रांसकट सरकारला देऊन टाकलं. संध्याकाळी गंगावेशीकडे दूधकट्टा असतो. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या असतात. तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ, कोमट दुधाचा पेला हातात देतात. तालमीतली पोरं तिथं उभ्या उभ्या पेले रिकामे करतात. तुम्हीही एक घ्या आणि मग गाडी बघा.