सेवेला निघालात? आधी सहा ठिपके शिका

शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींनी काही आठवडे परदेशातल्या अंधशाळेत स्वयंसेवक म्हणून राहायचं, हे आता नवलाचं राहिलेलं नाही. तिकडचे विद्यार्थी-शिक्षक आपल्याकडे येतात, आपल्याकडच्या मुलींनाही बाहेर जावंसं वाटतं. बुलडाणा, खामगाव, चिखलीकडे डी.एल.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या मुलीने घरी असा विषय काढला, तर आई आधी विचारेल, "राहायचं कुठे? सोबत कोण?" प्रश्न अगदी बरोबर. पण मैत्रिणींनो, त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तू परत आलीस की त्या मुलांकडे काय उरणार?

गाणी, खेळ, खाऊ यांनी दिवस छान जातात. मुलांना ताईचा आवाज ओळखीचा होतो, तिच्या बांगड्या वाजल्या तरी ती धावत येतात. आणि एक दिवस ताई निघून जाते. पुढच्या महिन्यात दुसरी ताई, पुन्हा तीच गाणी. मायेत खोट नसते, पण नुसत्या मायेने मूल वाचायला लागत नाही.

परमुलखातून येऊन काय ठेवून जाता येतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 1899-1900 च्या भीषण दुष्काळाने वऱ्हाडासकट केवढा तरी मुलूख होरपळला. त्या काळात ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी 1900 मध्ये मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे खरं. पण मुलांनी आपली इंग्रजी शिकावी म्हणून बाई थांबल्या नाहीत. त्यांनी ब्रेल लिपी मराठीला जुळवून घेतली. त्यांची शाळा आज कमला मेहता दादर अंधशाळा म्हणून ओळखली जाते आणि तिथे दृष्टिहीन मुली राहून शिकतात.

दुसरं उदाहरण तर आपल्याच लेकीचं. पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा (1881-1921) अमेरिकेत शिकून परतली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी दुष्काळातल्या कितीतरी मुलींना आसरा दिला होता, त्यांत अंध मुलीही होत्या. मनोरमाबाईंनी त्या मुलींना ब्रेलमधून शिकवण्याचं काम उभं केलं. एक बाई परदेशातून इथे आली, दुसरी परदेशात जाऊन परत आली. दोघींनीही मुलींच्या बोटांखाली अक्षरं ठेवली.

ही अक्षरं शिकायला अवघड नाहीत. सहा ठिपक्यांची चौकट, त्यातले कोणते ठिपके उठलेले यावर अक्षर ठरतं. भारतीय भाषांसाठी पूर्वी वेगवेगळ्या पद्धती होत्या. 1951 मध्ये सर्वांसाठी एकच भारती ब्रेल ठरलं. गंमत अशी, की यातली बरीच चिन्हं इंग्रजीशी उच्चाराने जुळतात. क म्हणजे इंग्रजी के, म म्हणजे एम, ल म्हणजे एल. म्हणून 'कमल' हे नाव ब्रेलमध्ये लिहिलं, तर इंग्रजी ब्रेल जाणणारी परदेशी ताईसुद्धा ते चाचपडत का होईना, वाचू शकेल. आणि आपली मुलगी बाहेर गेली, तर तिच्याही हाती अर्धी किल्ली आधीच असेल. डोळसांच्या लिपीत 'दि' लिहिताना वेलांटी आधी येते. ब्रेलमध्ये आधी द, मग इ. जसं बोलतो, तसंच. पाटीवर ठिपके टोचताना मात्र उजवीकडून डावीकडे जायचं, कारण वाचताना कागद उलटायचा असतो.

अक्षरांच्या पलीकडे असते ती शिकवण्याची रीत. लोणारचं सरोवर अंध मुलीला कसं सांगाल? "खूप मोठा खड्डा" म्हणून भागत नाही. परातीत ओली माती थापा, वरून दगड टाका, उचला आणि तिची बोटं त्या कडेवरून फिरू द्या. मग सांगा, उल्का आदळून असाच खड्डा पडला, पण तो जवळपास 1.8 किलोमीटर रुंद आहे. म्हणजे एका काठावरून समोरच्या काठावर सरळ जाता आलं असतं, तरी अर्धा तास चालावं लागलं असतं. कापसाचं बोंड, तुरीची शेंग, ज्वारीचं कणीस तर हाताशीच असतं. ते हातात देण्याआधी नाव सांगायचं की नंतर, मुलीला ओळखायला किती वेळ द्यायचा, हे सरावानेच कळतं.

काही साध्या गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळायच्या. खोलीत शिरताना आपलं नाव सांगावं, बाहेर जातानाही सांगून जावं. नाहीतर ती रिकाम्या खुर्चीशी बोलत बसते. "तिकडे ठेव" नको, "तुझ्या उजव्या हाताला, टेबलाच्या कडेला" म्हणावं. चालताना तिला ओढू नये, आपलं कोपर धरू द्यावं. विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नये, परवानगीशिवाय फोटो काढू नये. मुलगी वयात येत असेल, तर हे दुप्पट जपायचं. आपल्या मायेपोटी तिला 'कुणीही हात लावला तरी चालतो' अशी सवय लागता कामा नये.

अर्थात, काही आठवड्यांच्या सेवेने कुणी विशेष शिक्षक होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. पाहुण्या ताईने तिथल्या शिक्षिकेच्या हाताखाली काम करावं. स्पर्शाची चित्रं, ब्रेलमधल्या गोष्टी असं काही करून तिच्या कपाटात ठेवून यावं.

आणि सरावासाठी विमानच हवं असं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, मग ते जवळच्या शाळेत घ्यावं की विशेष शाळेत, हेही त्यांनीच ठरवायचं. पण हा हक्क कुणी घरी येऊन सांगितला, तरच आईबापांना कळतो. "हिला दिसत नाही, शिकून काय करणार?" म्हणून घरीच ठेवलेली मुलगी तुमच्या गावात, शेजारच्या वस्तीवर असू शकते. डी.एल.एड. ला असतानाच तिच्या घरी जा, आईशी बोला, सहा ठिपके दाखवा, तिचं नाव तिच्याच बोटांनी वाचू द्या. पुढे पासपोर्ट काढाल तेव्हा काढाल. तोवर तुमचा हात तयार झालेला असेल.