शोकेसमधली चढाओढ

दुपारी हॉलमध्ये नुसते पाय पसरून बसलात, तरी तुमचे डोळे बसत नाहीत. सेकंदाला साधारण तीन वेळा ते इकडून तिकडे उडी मारतात. का? कारण आपल्याला लख्ख दिसतं ते फारच थोडं. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहा. बस्स, जेमतेम तेवढंच! बाकी खोली अंधुक असते. डोळे तुकडे टिपत राहतात आणि मेंदू त्यातून सलग हॉल उभा करतो, तोही असा बेमालूम की सांधा कुठेच दिसत नाही.

आता या डोळ्यांपुढे आपली घरोघरची शोकेस आणा. शाळेतली ट्रॉफी, सत्कारातलं स्मृतिचिन्ह, कुणीतरी ओडिशाहून आणलेलं कोणार्कचं चाक, बंद पडलेलं घड्याळ, काचेत खोचलेली लग्नपत्रिका आणि तिच्यामागे विजेची बिलं. यातलं काहीही हलत नाही की बोलत नाही. मग थकवतं कसं?

1998 साली मेंदू-संशोधक सबीन कास्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मेंदूच्या स्कॅनमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. चित्रं एकेक करून दाखवली की मेंदूच्या दृष्टीच्या भागात जोरदार प्रतिसाद उमटे. तीच चित्रं शेजारीशेजारी, एकाच वेळी दाखवली की तो मंदावे. चित्रं एकमेकांना दाबत होती! वर्गात सगळ्या पोरांनी एकदम ‘सर, सर’ केलं की कुणाचंच धड ऐकू येत नाही, तसं. आणि ही चढाओढ त्यांच्याकडे लक्ष नसतानाही चालू होती. एखाद्या चित्राकडे मुद्दाम लक्ष दिलं, तरच ते या दडपणातून वर येई. म्हणजे भरगच्च शोकेससमोर पुस्तकात डोकं घालून बसणं हीसुद्धा मेंदूची मेहनतच.

मग सगळंच फेकायचं का? मुळीच नाही! पुढच्या प्रयोगांत आढळलं, की वस्तू सारख्या असल्या किंवा मिळून एक आकार भासल्या, तर त्यांच्यातली चढाओढ कमी होते. मेंदू त्यांना एक घोळका म्हणून स्वीकारतो. मला तर हे फार सुंदर वाटतं. चार कोपऱ्यांत विखुरलेले आजीचे पितळी डबे एकाच फळीवर ओळीनं मांडले, तर एकही डबा न टाकता खोली शांत वाटू शकते.

पसाऱ्याचा हा त्रास केवळ डोळ्यांपुरता नसावा. लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक सकाळी भरपूर असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. घराचं वर्णन करताना पसारा आणि अर्धवट कामं यांबद्दल जास्त बोलणाऱ्या बायकांमध्ये हा उतार सपाट आढळला. पसाऱ्यानंच तसं झालं, असं यातून सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करावं इतकं ते क्षुल्लकही नाही.

रोजच्या पसाऱ्याला आपण सरावतो, म्हणून आधी मोबाइलवर हॉलचा एक फोटो काढा. फोटोत पसारा पटकन नजरेत भरतो. बिलं फाइलमध्ये, जुने पडदे बोहारणीला, पेपर रद्दीत. उरलेल्या वस्तूंचे घोळके करा. आणि शोकेसचा एक कप्पा रिकामा झालाच, तर तो लगेच भरू नका.