आपल्या गावचे गाणे : गायन पार्टी कशी उभी राहते आणि कशी मोडते

दरवर्षी १४ एप्रिलच्या आधी महिनाभर आमच्या संस्थेच्या बैठकीत एक विषय हमखास तासभर चालतो. यंदा गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा की मिरवणुकीला डीजे लावायचा? तरुण मंडळी एका बाजूला, वडीलधारी दुसऱ्या बाजूला. शेवटी दोन्ही करू असे ठरते, आणि वर्गणीतला मोठा हिस्सा डीजेला जाऊन उरलेल्यात गायन पार्टीची बोळवण होते. हे आम्ही दुसऱ्या कुणाबद्दल सांगत नसून स्वतःबद्दलच सांगत आहोत, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे.

आमच्या शहरात एकेकाळी तीन गायन पार्ट्या होत्या. आज एकही पूर्ण नाही. एकीत पेटीवाले आहेत तर ढोलकवाला नाही, दुसरीत गायक आहेत पण त्यांच्या मागे झील धरणारे कोणी उरले नाहीत. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतले एक ज्येष्ठ गायक वारले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात आम्ही सर्वांनी त्यांच्या आवाजाचे कौतुक केले, दोघातिघांचे डोळेही भरून आले. पुढे तीन-चार महिन्यांनी कोणीतरी त्यांच्या गाण्याच्या वह्यांची चौकशी केली, तेव्हा कळले की घराला रंग द्यायच्या वेळी त्या रद्दीत गेल्या. घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्या वह्यांची किंमत आम्ही कधी त्यांच्या कानावर घातलीच नव्हती. आम्ही संस्थेच्या सांस्कृतिक विभागाचे काम अंगावर घेतले ते त्या दिवसापासून. त्या कामात जे शिकायला मिळाले ते सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे गाणे आले कुठून ते पाहू. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीचे विचार खेड्यापाड्यात नेण्यासाठी पुढे तमाशाच्या घाटाचा उपयोग करून सत्यशोधक जलसे निघाले. त्याच वाटेने १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे सुरू झाले. नाशिककडील भीमराव कर्डक यांचे नाव त्यात अग्रभागी घेतले जाते. ज्या काळात आपल्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्या काळात हेच जलसे त्याचे वर्तमानपत्र होते. कंदिलाच्या उजेडात, उघड्या मैदानात, माईक नसताना हे लोक गात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गाण्यांत बुद्ध आणि धम्म आला आणि हळूहळू जलशाची जागा कव्वालीच्या बाजाच्या गायन पार्टीने घेतली.

वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथला. त्यांची अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत झाली. १९४३ मध्ये त्यांनी पहिली रचना केली, ती एका हिंदी सिनेगीताच्या चालीवरचे विडंबन होती. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या साठ वर्षांत हा माणूस गावोगाव हिंडला, कोणाच्याही ओसरीवर बसून त्याने गाणी लिहिली आणि शेकडो गायकांना ती दिली. विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की ही सारी परंपरा कोणत्याही संगीत विद्यालयातून निघालेली नाही. तिचा उगम गिरणीची चाळ, रेल्वेची वसाहत आणि गावकुसाबाहेरची वस्ती येथे आहे. म्हणून ती वस्तीने सोडली, तर उचलून धरायला दुसरे कोणी येणार नाही.

आता पार्टी म्हणजे नेमके काय? बाहेरून पाहणाऱ्याला गायक तेवढा दिसतो. प्रत्यक्षात सहा-सात माणसांचा तो संसार असतो. मुख्य गायक किंवा गायिका, पेटीवाला, ढोलकवाला, असलाच तर तबलजी, बेंजोवाला, आणि मागे टाळ्या देत ध्रुवपद उचलणारे दोन-तीन कोरसवाले. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणे दाबून तारा छेडायच्या. पेटीने सूर धरायचा, बेंजोने गायकाची ओळ परत वाजवून दाखवायची, म्हणजे गायकाला दम घ्यायला सवड मिळते. ढोलकवाल्याचे काम सर्वांत अवघड. गायक शेर म्हणत असताना त्याने हात आवरून बसायचे आणि ध्रुवपदावर येताच असा ठेका टाकायचा की मागच्या रांगेतला पेंगणारा माणूस उठून बसला पाहिजे. ही समज पुस्तकातून येत नाही. वर्षानुवर्षे एकत्र बसल्याने येते. म्हणून पार्टीतला एक माणूस गेला की भाड्याने दुसरा आणून भागत नाही, आणि आमच्या तीन पार्ट्या मोडल्या त्या अशाच, एकेका माणसाने.

पैशाचा व्यवहारही समजून घेतला पाहिजे. कार्यक्रम ठरला की आयोजक सुपारी देतात, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम. उरलेली कार्यक्रमानंतर. याशिवाय गाणे चालू असताना श्रोते व्यासपीठाशी येऊन दहाची, पन्नासची, शंभराची नोट बक्षीस देतात आणि गायक त्यांचे नाव माईकवरून पुकारतो. हे बक्षीस अनेकदा ठरलेल्या रकमेहून अधिक होते. दोन पार्ट्यांचा सामना असला की सवाल-जवाबात रात्र सरते आणि बक्षिसालाही ऊत येतो. परंतु या पद्धतीत खोट आहे. बक्षीस मिळते ते गायकाच्या शेराला, ढोलकवाल्याच्या हाताला नाही. वाटणीत त्याच्या पदरी थोडेच पडते. शिवाय हंगाम असतो एप्रिल-मेचा. गावोगावच्या जयंत्या वेगवेगळ्या तारखांना होतात म्हणून तो दीड-दोन महिने तरी पुरतो. मग ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिन, मध्येच एखादी वास्तुशांती, नामकरण, पुण्यानुमोदन. उरलेले वर्ष ढोलकवाला रंगकाम करतो नाहीतर रिक्षा चालवतो. मुलगा त्याच्याकडे पाहतो आणि ढोलकीला हात लावत नाही. त्यात मुलाचे काही चुकते असे आम्हाला वाटत नाही.

याच्या भरीला आधी कॅसेट आली. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज घरोघरी पोचला, हा मोठाच लाभ झाला. पण त्याच वेळी गावच्या गायकाची तुलना कॅसेटशी होऊ लागली. त्यानंतर डीजे आला. डीजेविषयी आमचे म्हणणे एवढेच आहे की त्यात ऐकण्यासारखे फारसे उरत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस शासन ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवून देऊ शकते. डेसिबलचा हिशेब साधा नसतो. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट होते, २० वाढले म्हणजे शंभरपट. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला तेव्हा आमच्याच तरुणांनी तोंडात बोट घातले. रात्रभराचे सामने या नियमाने बंद पडले, ही खंत जुन्या लोकांना आहे. तिचे उत्तर आम्ही असे काढले की कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू करायचा. पहिल्या वर्षी लोक आठला आले. दुसऱ्या वर्षी सातला.

एखादे शहर गाण्याचे शहर कशाने होते, याचे उत्तर शोधताना आम्हाला मिरजेकडे पाहावेसे वाटते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाले आणि दफन मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या स्मरणार्थ तेथे उरुसात दरवर्षी गाण्याच्या बैठकी होतात, मोठे मोठे कलावंत तेथे हजेरी लावणे मानाचे समजतात. त्याच गावात सतार आणि तंबोरे करणाऱ्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या भोपळा आणि तुणाचे लाकूड घेऊन बसली आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे संगीत शास्त्रीय, आपले लोकांचे, हा फरक आहेच. तरीही गवयी, कारागीर, ठरलेला दिवस, ठरलेली जागा आणि न चुकता येणारा श्रोता, ही मोट तेथे बांधली गेली म्हणून टिकली. आमच्याकडे गवयी होते, श्रोते होते. कारागीर मात्र नव्हता, आणि ठरलेला दिवस वर्षातून एकच.

तेव्हा आम्ही काय केले ते सांगतो. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ. विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, लोक आपोआप जमतात, आणि पावसामुळे गायकांना कार्यक्रम नसतात. म्हणून वाचनानंतर एक तास रियाजाचा ठेवला. पेटीवाले गुरुजी आणि दोन ढोलकवाले शिकवतात. त्यांना संस्था मानधन देते. ते थोडे आहे, पण ठरल्या तारखेला देते. मुली पहिल्या आठवड्यात आल्या आणि दुसऱ्यात थांबल्या, तेव्हा आम्हाला वाटले घरचा विरोध असेल. एका मुलीने खरे कारण सांगितले. पेटी पुरुषांच्या पट्टीत, काळी एकमध्ये धरली जात होती आणि मुलींचा आवाज खाली पोचत नव्हता. मुलींसाठी पट्टी चढवून काळी चारवर नेली. आज वर्गात मुलीच जास्त आहेत.

वाद्यांची हेळसांड हा स्वतंत्र विषय आहे. पावसात पेटीचे लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, पितळी सुरांवर हिरवट थर चढतो, भाता उंदीर कुरतडतात. ढोलकीची पुडी ढिली पडून आवाज बद्द येतो. संस्थेच्या कपाटातली पेटी आम्ही अकरा महिन्यांनी उघडली तेव्हा पाच सूर बोलत नव्हते. आता पेटी आठवड्यातून एकदा तरी वाजलीच पाहिजे असा दंडक आहे. रियाजामुळे तो आपसूकच पाळला जातो.

वह्यांचे काम विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. ज्येष्ठ गायकांच्या घरी जायचे, वही मागायची नाही, त्यांच्यासमोरच मोबाईलवर पानांचे फोटो घ्यायचे. प्रत्येक गाण्यापुढे कवीचे नाव, चाल कोणती, कधी गाइले, एवढे लिहायचे. कवीचे नाव बहुधा शेवटच्या कडव्यात गुंफलेले असते, म्हणून शेवटचे पान फाटले की कवी हरवतो. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. गीत जपून ठेवणे वेगळे आणि छापून विकणे वेगळे. कायद्याने कवीच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे, किंवा ज्यांना ते दिले असतील त्यांच्याकडे राहतात. वामनदादांच्या गीतांबाबत ही मुदत २०६४ अखेरपर्यंत आहे. जयंतीच्या घाईत गीतपुस्तिका छापणाऱ्या मंडळांनी वारसांना निदान एक पत्र तरी लिहावे. परवानगी आनंदाने मिळते, हा आमचा अनुभव आहे.

याच नोंदींचा आणखी एक उपयोग अनपेक्षितपणे झाला. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे आणि २०२४ पासून मानधन दरमहा ५,००० रुपये झाले आहे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या, कमी उत्पन्नाच्या कलावंताला अर्ज करता येतो. अडचण येते ती पुराव्याची. आयुष्यभर गाइलेल्या माणसापाशी एक निमंत्रणपत्रिकादेखील नसते. आमच्या संस्थेच्या जुन्या स्मरणिका, जयंतीची हँडबिले आणि जमाखर्चाच्या वह्या चाळल्या तेव्हा कोणत्या वर्षी कोणाचा कार्यक्रम झाला ते सापडले. हँडबिलावर फक्त मुख्य गायकाचे नाव असे. ढोलकवाल्याचे नाव मिळाले ते खर्चाच्या वहीत, ‘चहापाणी व गाडीभाडे’ या सदराखाली. गेल्या दोन वर्षांपासून आम्ही पत्रिकेवर कोरसवाल्यांसह सर्वांची नावे छापतो. छपाईवाला म्हणतो, जागा पुरत नाही. आम्ही अध्यक्षांचा फोटो लहान केला.

चालींविषयी आमच्यात मतभेद आहेत. सिनेमाच्या चालीवर गाणे बांधू नये असे काहींचे ठाम मत. आम्हाला तितके टोकाला जावेसे वाटत नाही. वामनदादांची सुरुवातही तशीच झाली होती, आणि ओळखीची चाल असली की शब्द लवकर ओठावर बसतात. मात्र वर्गातल्या प्रत्येकाने वर्षाकाठी एक तरी चाल स्वतःची बांधावी, असा आग्रह धरला आहे. गेल्या वर्षावासात चार चाली तयार झाल्या. त्यातल्या दोन बेताच्या होत्या, एक बरी होती, आणि एक ढोलकवाल्याच्या त्याच मुलाची होती ज्याने ढोलकीला हात लावला नव्हता. तो पेटी शिकायला आला होता.

वह्यांच्या फोटोंमध्ये रमाईवरचे एक सात कडव्यांचे गीत सापडले आहे. जुन्या पिढीतल्या पुष्कळांना ते पाठ आहे, पण आठवे कडवे कोणालाच येत नाही आणि वहीतले पान तेथेच फाटलेले आहे. कवी कोण ते त्यामुळे कळत नाही. ज्यांना ते कडवे आठवत असेल, किंवा आईकडून, आजीकडून ऐकले असेल, त्यांनी कोणत्याही रविवारी सायंकाळी विहारात यावे. पेटी उघडीच असते.