तळ्यातले तण वेळीच काढा

भातात तण माजले की आपण बांधावर बसून राहत नाही, बेणणीला लागतो. तण पाण्यातही माजते, फक्त ते वरून दिसत नाही. महाड तालुक्यातले वरंध, खिंडवाडी, कोथुर्डे यांसारखे धरण असो, की तुमचे स्वतःचे शेततळे. जाळ्यात मळ्या, खवली कमी आणि चिलापीच जास्त येऊ लागली, की हे तण माजू लागले म्हणून समजा.

चिलापी म्हणजेच तिलापिया. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली आपल्या देशात आणला. लवकर वाढेल, गरिबाच्या ताटात पडेल, हा हेतू. पण याची मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पुष्कळ पिल्ले वाचतात. दोन-तीन महिन्यांत तीही विणीला येतात. मग तळ्यात दाटी होते, खाणे पुरत नाही आणि मासे बोटाएवढेच राहतात. उजनी जलाशयात आज चिलापीचेच राज्य आहे. गावठी मासे मागे पडले.

दुसरा पाहुणा आफ्रिकन मांगूर. हा तर दुसऱ्या माशांनाच खातो. ओल असली की जमिनीवरूनही सरकत जातो. केंद्र शासनाने २००० सालीच त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. स्वस्त मिळाले तरी त्याचे बीज घेऊ नका.

‘माझे तळे, माझे मासे’ असे म्हणून चालत नाही. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी जाते, तसे मासेही जातात. वरंधचे पाणी शेवटी सावित्रीलाच मिळते. वळगणीला आपले मासे अंडी घालायला ओढ्यांत, खाचरांत चढतात. तिथेच हे परके भेटले, तर पिल्ले वाचायची कशी? काळ नदीवरच्या वाळण कोंडीतले मासे देवाचे म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखले. तीच राखण सगळ्या पाण्याला हवी.

मग काय करावे?

दर महिन्याला एकाच जागी, एकाच जाळ्याने, ठरावीक वेळा पाग टाका. कोणते मासे किती आले, ते मुलांना वहीत लिहायला सांगा. चार-सहा महिन्यांत चिलापी वाढते की घटते, हे वहीच सांगेल.

सापडलेली चिलापी, लहान असली तरी, परत सोडू नका, कालवणात घाला. उथळ पाण्यात तळाशी ताटलीसारखे खळगे दिसले, तर ती तिची विणीची जागा. ते खळगे मोडा. उन्हाळ्यात पाणी आटले की तळे पुरते उपसा, गाळ उन्हात तडकू द्या. मत्स्यव्यवसाय खात्याला विचारून चुना टाका. येत्या-जात्या पाण्याला बारीक जाळी बसवा. मात्र तळ्यात विष कधी टाकू नका. तेच पाणी गुरे पितात.

आणि वळगणीला अंड्यांनी भरलेली मादी जाळ्यात आली, तर तेवढी सोडून द्या. गावठी मासा टिकला, तरच परक्याला जागा कमी उरेल.