‘हात उचलला का?’

वैवाहिक समुपदेशनाच्या फॉर्मवर एक प्रश्न हमखास असतो : तुमची मुख्य अडचण काय? नवरा-बायको लिहितात, ‘बोलणंच होत नाही’, ‘सारखी भांडणं’. मारहाण कुणी लिहीत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओलिअरी आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हे आकड्यांत दाखवलं. समुपदेशनासाठी आलेल्या बायकांपैकी जेमतेम ६ टक्के बायकांनी फॉर्मवर मारहाणीचा उल्लेख केला होता. मुलाखतीत थेट विचारल्यावर हाच आकडा ४४ टक्क्यांवर गेला आणि प्रश्नावलीत ५३ टक्क्यांवर.

बायका खोटं बोलत होत्या का? तसं नाही. पुढच्या एका अभ्यासात न सांगण्याची कारणं विचारली, तेव्हा कळलं की अनेकांच्या लेखी मारहाण ही ‘अडचण’च नव्हती. रोज थोडंच मारतो? खरं दुखणं वेगळंच आहे, हे आपलं त्यातून होतं.

ती प्रश्नावली समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांची, १९७९ची. तिची खुबी साधी आहे. ‘हिंसा होते का?’ असं ती विचारतच नाही. ढकललं का? वस्तू फेकून मारली? थोबाडीत दिली? गेल्या वर्षभरात किती वेळा? आपल्याकडचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही याच धर्तीवर हात पिरगळण्याबद्दल, केस ओढण्याबद्दल विचारतं. तेही घरातल्या एकाच बाईला आणि एकटीलाच. एकांत मिळाला नाही, तर हे प्रश्न गाळायचे, असा दंडक आहे.

समुपदेशकाच्या खोलीत मात्र शेजारच्या खुर्चीत नवरा बसलेला असतो. प्रश्न तिला विचारला, तरी ती आधी त्याच्याकडे बघते, मग म्हणते, ‘तसं काही नाही हो, रागीट आहेत जरा.’ इथे खरं बोलली, तर हिशेब घरी चुकता होणार. म्हणून दोघांना वेगवेगळं भेटायचं आणि ही सगळ्यांसाठीचीच पद्धत आहे असं सांगायचं, म्हणजे त्याला संशय येत नाही.

नुसते फटके मोजून भागत नाही, ही या प्रश्नावलीवरची जुनी टीका मला पटते. भांडणात दोघांचा तोल जाणं वेगळं आणि एकाने दुसऱ्याला कायम धाकात ठेवणं वेगळं. त्यासाठी आणखी प्रश्न लागतात : पैसे कोणाच्या हातात? माहेरी फोन करायचा तर विचारावं लागतं? त्यांची भीती वाटते? शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, तर जोडप्याला समोरासमोर बसवणं थांबवायचं आणि आधी ती आज रात्री कुठे झोपणार, हे बघायचं.