नमुना आणि रिकामी जागा : नांदेड-लातूरच्या महसुली नमुन्यांच्या आधारे डिजिटल नमुन्यांच्या रचनेचा विचार

‘नमुना’ हा शब्द मराठवाड्यातील शेतकऱ्यास नवा नाही. जमिनीसंबंधी तलाठ्याशी येणारा त्याचा बहुतेक व्यवहार कोणत्या ना कोणत्या गाव-नमुन्यातून होतो. ज्यास सर्वत्र ‘सातबारा’ म्हणतात तो उतारादेखील नमुना क्रमांक सात, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि नमुना क्रमांक बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, या दोहोंच्या जोडणीतून सिद्ध झालेला आहे. हे नमुने आता कागदावरून संगणकावर आले आहेत. शाळा, सहकारी संस्था, ग्रामपंचायती व संशोधक यांनाही स्वतःचा नमुना तयार करून तो इतरांकडे भरण्यासाठी पाठविणे सुलभ झाले आहे. तथापि साधन सुलभ झाले म्हणजे रचना सुलभ झाली, असे नव्हे. एकदा तयार करून अनेकांनी, अनेक वेळा भरावयाचा नमुना कसा असावा, याचा विचार नांदेड व लातूर जिल्ह्यांना परिचित असलेल्या महसुली नमुन्यांच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

१. कोरा नमुना व भरलेली प्रत

कोणत्याही नमुन्याची दोन अंगे असतात. एक स्थिर मजकूर व दुसरे रिकामी जागा. स्थिर मजकूर हा विचारणाऱ्याचा असतो, रिकामी जागा भरणाऱ्याची. छापील कागदावर ही विभागणी आपोआप पाळली जात असे. छापलेला मथळा कोणास पुसता येत नसे आणि प्रत्येकास नवा कोरा कागद मिळत असे.

संगणकावर ही मर्यादा नाहीशी होते. ‘नाव :’ असे लिहून पुढे टिंबांची ओळ काढलेली साधी फाइल पाठविली, की भरणाऱ्याने अक्षरे टंकताच टिंबे पुढे सरकतात, ओळी मोडतात, प्रसंगी मथळाही पुसला जातो. तीच फाइल पुढे गेली, तर दुसऱ्याच्या हाती पहिल्याचे नाव व माहिती पडते. म्हणून कोरा नमुना व भरलेली प्रत यांना परस्परांपासून अलग ठेवणे हे डिजिटल नमुन्याचे पहिले तत्त्व होय.

हे तत्त्व तीन प्रकारांनी साधता येते. पहिला प्रकार ‘टेम्प्लेट’चा. अशी फाइल उघडली असता मूळ नमुना जागीच राहतो व नवी प्रत निर्माण होते. सभेची सूचना किंवा दाखला यांसारख्या, मजकुरात थोडाफार फेरफार करावा लागणाऱ्या कागदांस हा प्रकार योग्य होय. दुसरा प्रकार भरता येणाऱ्या पीडीएफचा. यात मजकूर गोठविलेला असतो व केवळ नेमून दिलेल्या जागा लिहिण्यास खुल्या असतात. ज्या अर्जावर पुढे सही-शिक्का घ्यावयाचा आहे, त्यास तो सोयीचा असतो. तिसरा प्रकार लिंकद्वारे भरावयाच्या फॉर्मचा. यात फाइल कोठेच जात नाही. प्रत्येकाची उत्तरे एका तक्त्यात एकेका ओळीने जमा होतात. अनेकांची माहिती गोळा करून तिची बेरीज-वर्गवारी करावयाची असेल, तर हाच प्रकार स्वीकारावा लागतो.

२. नमुन्याचे आयुष्य

नमुना तयार करणारा बहुधा आपल्या तात्कालिक गरजेपुरता विचार करतो. परंतु भरलेला नमुना त्याच्या हेतूपेक्षा अधिक काळ टिकतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राजवटीची सेतवार, पाहणी पत्रके आणि राज्य पुनर्रचनेपूर्वी तयार झालेले १९५४-५५ चे खासरा पत्रक हे कागद जमिनीच्या वादांत आजही पुरावा म्हणून काढले जातात. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व तिच्याखालील १९७१ चे अधिकार अभिलेखविषयक नियम यांनी गाव-नमुन्यांची आजची चौकट दृढ केली.

एखाद्या रकान्यातील नोंदीस किती मोल येऊ शकते, याचा प्रत्यय २०२३ साली आला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मराठवाड्यातील जुन्या दप्तरांत कुणबी जातीच्या नोंदींचा शोध घेतला. त्यासाठी उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची आवश्यकता भासली. ज्या कारकुनांनी ते रकाने भरले, त्यांच्या मनात आरक्षणाचा प्रश्न असणे शक्यच नव्हते. नोंदीचा वाचक कोण असेल हे नोंद करणारा ठरवू शकत नाही. रकाना स्पष्ट ठेवणे मात्र नमुना तयार करणाऱ्याच्या हाती असते.

याच कारणाने नमुन्यात केवळ नावावर विसंबून चालत नाही. लातूर हा १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि उस्मानाबादचे नाव आता धाराशिव झाले आहे. पिंपळगाव, वडगाव अशी गावांची नावे तर अनेक तालुक्यांत आढळतात. सातबाऱ्याच्या स्वरूपात २०२० साली जे बदल करण्यात आले, त्यांत गावाच्या नावाबरोबर त्याचा सांकेतिक क्रमांक देण्याचा बदल होता, तो याच दृष्टीने महत्त्वाचा होय. जुन्या कागदांवरून माहिती भरून घ्यावयाची असेल, तर सनाचाही प्रश्न उद्भवतो. हैदराबादच्या दप्तरात फसली सन चाले. फसली १३५८ म्हणजे इसवी १९४८-४९. केवळ इसवी दिनांक स्वीकारणारी जागा अशा कागदांच्या उपयोगाची नाही. तेथे मूळ सन जसाच्या तसा लिहिण्यास एक व त्याचे इसवी रूपांतर देण्यास दुसरी, अशा दोन जागा ठेवाव्या लागतात.

३. एकक, अंक व अक्षर

क्षेत्राच्या रकान्यात कोणी ‘१.२०’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? सातबाऱ्यावर त्याचा अर्थ १ हेक्टर २० आर असा होतो, म्हणजे सुमारे ३ एकर. परंतु बोलण्यात व जुन्या कागदांत एकर-गुंठ्यांचाच हिशेब चालतो. ४० गुंठ्यांचा एक एकर असल्यामुळे त्या हिशेबाने ‘१.२०’ म्हणजे १ एकर २० गुंठे, अर्थात दीड एकर होतो. लिहिणारा व वाचणारा दोघेही प्रामाणिक असून जमीन मात्र कागदावर दुप्पट किंवा निम्मी होते. म्हणून हेक्टर व आर यांच्या जागा वेगवेगळ्या असाव्यात आणि एकक जागेच्या शेजारीच छापलेले असावे. २०२० च्या उपर्युक्त बदलांत क्षेत्राचे एकक स्पष्टपणे नमूद करण्याचाही समावेश होता.

अंकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पुष्कळ फॉर्ममधील संख्येची जागा देवनागरी अंक स्वीकारीत नाही. भरणाऱ्यास आपले काय चुकले हे कळत नाही व तो फॉर्म अर्धवट सोडून देतो. दोन्ही अंक स्वीकारले जावेत हे उत्तम. ते शक्य नसेल, तर जागेखाली तशी सूचना मराठीत द्यावी. अक्षरांबाबत युनिकोडचाच अवलंब करावयास हवा. जुन्या पद्धतीच्या टंकांत अक्षर केवळ देवनागरी दिसते, साठविले जाते ते रोमन चिन्हांच्या रूपात. ज्याच्या संगणकावर तो टंक नाही, त्यास निरर्थक चिन्हे दिसतात व माहितीचा शोध किंवा अनुक्रम लावणे अशक्य होते.

४. पिकाचा रकाना

रिकामी जागा कशी असावी या प्रश्नाचे आर्थिक महत्त्व ई-पीक पाहणीच्या उदाहरणाने विशेष स्पष्ट होते. पूर्वी नमुना बारामधील पिकांची नोंद तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची पद्धत सुरू झाली. हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन इत्यादी माहिती भरून शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे, आणि छायाचित्राबरोबर त्या स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदले जावयाचे, अशी ही योजना होय. एकच नमुना लक्षावधी खातेदारांनी प्रत्येक हंगामात नव्याने भरावयाचा, याचे इतके मोठे दुसरे उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

आता लातूर-नांदेडकडील शेताचा विचार करावा. सोयाबीन हे येथील खरिपाचे मुख्य पीक, आणि त्यात तुरीच्या ओळी घेण्याची रीत सर्वत्र आहे. ‘पीक कोणते?’ या प्रश्नास एकच उत्तर स्वीकारणारा नमुना अशा शेतकऱ्यास असत्य लिहिण्यास भाग पाडतो. सोयाबीन लिहावे तर तूर नाहीशी होते, तूर लिहावी तर सोयाबीन. नमुना बारामध्ये निर्भेळ पीक व मिश्र पीक यांचे रकाने मुळातच वेगळे आहेत. कागदी नमुन्याने अनुभवातून मिळविलेले हे शहाणपण होय. ई-पीक पाहणीच्या २०२२ मधील सुधारित आवृत्तीत मुख्य पिकाबरोबर आणखी तीन घटक पिके नोंदविण्याची सोय झाली. भरलेली माहिती ४८ तासांच्या आत स्वतः दुरुस्त करण्याची मुभा आली आणि सर्व नोंदींऐवजी १० टक्के नोंदींची पडताळणी तलाठ्याने करावी असे ठरले.

या नोंदीवर काय अवलंबून असते, तेही पाहिले पाहिजे. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना राज्य शासनाने २०२४ साली हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, साहाय्य जाहीर केले. त्यासाठी प्रथम ई-पीक पाहणीतील नोंदीची अट होती. ज्यांनी पीक घेतले परंतु नोंद केली नाही, ते या अटीमुळे बाहेर राहत होते. पुढे सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद असलेल्यांनाही पात्र धरून अट शिथिल करण्यात आली. शेतात पीक असणे व नमुन्यात पीक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी नसली तर पहिलीचे मोल मिळत नाही. अशा वेळी दुसऱ्या पुराव्याची वाट खुली ठेवावी लागते.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून लहान संस्थेस किंवा संशोधकासही उपयोगी पडतील असे काही नियम काढता येतात. एका जागेत एकच गोष्ट विचारावी. निवडीची यादी दिली, तर तिच्या शेवटी ‘इतर’ व त्यापुढे लिहिण्यास जागा अवश्य ठेवावी, कारण यादी करणाऱ्यास सर्व काही ठाऊक असते असे नाही. भरणाऱ्यास जी माहिती निश्चित ठाऊक असेल तीच सक्तीची करावी. सक्तीच्या जागेत ठाऊक नसलेली माहिती मागितली, की खोटी माहिती मिळते. जाळे नसलेल्या वाडी-तांड्यावर भरता येईल व नंतर पाठविता येईल अशी सोय असावी. नमुन्यावर आवृत्तीचा क्रमांक व दिनांक असावा, म्हणजे जुन्या व नव्या उत्तरांची सरमिसळ होणार नाही. दुरुस्तीची मुदत व रीत नमुन्यावरच सांगावी. नमुना वाटताना तो भरण्याचा अधिकार सर्वांस द्यावा, बदलण्याचा अधिकार थोड्यांस आणि जमा झालेली माहिती पाहण्याचा अधिकार त्याहूनही थोड्यांस. ज्या माहितीचे प्रयोजन नाही ती मागूच नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा अधिनियमही माहिती तिच्या प्रयोजनापुरतीच घेतली जावी या दिशेचा आहे.

सर्वांत महत्त्वाचे असे की, नमुना सर्वत्र पाठविण्यापूर्वी तो ज्यांनी भरावयाचा आहे अशा चार-पाच जणांकडून भरून घ्यावा. भरणारा जेथे अडखळतो तेथे दोष बहुधा त्याचा नसून प्रश्नाचा असतो. कागदी नमुन्यातील उणीव तलाठी शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहून भरून काढू शकत असे. यंत्रास तो विवेक नाही. नमुन्यात जागा नसेल तर ती गोष्ट त्याच्या लेखी घडलेलीच नसते. म्हणून शेऱ्याचा तो रकाना डिजिटल नमुन्यातही राखून ठेवणे आणि तेथे लिहिलेले कोणीतरी वाचणे, हे नमुना तयार करणाऱ्याचे शेवटचे व अपरिहार्य कर्तव्य होय.