रुतलेली पिकअप गाडी आणि विंच

पावसाळ्यात काळ्या जमिनीच्या वाटेवर भाजीपाल्याने भरलेली पिकअप गाडी रुतते. बाजाराची वेळ टळते व माल मातीमोल होतो. अशा वेळी गाडीस बसविलेली विंच उपयोगी पडते.

विंचची ओढशक्ती गाडीच्या भारासह एकूण वजनाच्या निदान दीडपट असावी; ३,००० किलोच्या गाडीस ४,५०० किलोची. ही शक्ती ढोलावरील दोराच्या पहिल्या थरावरच पूर्ण मिळते. वरच्या थरांवर ती घटते. सुटी कप्पी लावून दोर गाडीकडे परत आणल्यास ओढ जवळजवळ दुप्पट होते, परंतु वेग निम्मा होतो.

विंच पत्र्याच्या बंपरवर बसवू नये. चासीच्या दोन्ही दांड्यांस जाड पोलादी पाटा बोल्टांनी जखडून त्यावर ती बसवावी. तत्पूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

ओढताना इंजिन चालू ठेवावे व ढोलावर निदान पाच वेढे राहू द्यावेत. झाडास तारेचा दोर न गुंडाळता रुंद पट्टा बांधावा. ताणलेला दोर तुटल्यास त्याचा फटका प्राणघातक ठरतो. म्हणून त्यावर जाड ओले पोते टाकावे, तो ओलांडू नये आणि माणसे दोराच्या लांबीहून दूर उभी करावीत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही शेवटची गोष्ट शेतकरी बंधूंना सर्वांत आधी समजावून द्यावी.